तारताना कुणाचे करार मोडले

३० एप्रिल २००९ हा दिवस क्रायस्लर कंपनीच्या दिवाळखोरीचा दिवस म्हणून ओळखला जातो. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्या दिवशी जाहीर केले की क्रायस्लर न्यायालयाच्या संरक्षणाखाली जाईल, तिचे कर्ज तेथे कमी केले जाईल, इटलीची फियाट कंपनी तिच्यात भागीदार होईल आणि सरकारी पैशाच्या आधारावर ती पुन्हा उभी राहील. त्याच दिवशी, त्याच वॉशिंग्टन शहरात, सिनेटमध्ये आणखी एका प्रस्तावावर मतदान झाले, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन यांनी दिवाळखोरीच्या कायद्यात एक दुरुस्ती सुचवली होती. राहत्या घरावरचे कर्ज फेडणे ज्यांना अशक्य झाले आहे, अशा कुटुंबांच्या कर्जाची रक्कम आणि व्याज कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशाला असावा, एवढेच तिचे म्हणणे होते. ४५ विरुद्ध ५१ मतांनी ती पडली.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. फेडता येणार नाही एवढे कर्ज झाल्यावर ते कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली कमी करून घ्यायचे, हा तो प्रश्न. कंपनीसाठी त्याचे उत्तर त्या दिवशी मिळाले आणि घरांसाठी ते नाकारले गेले. अमेरिकी कायद्याप्रमाणे न्यायाधीशाला सुट्टीत जाण्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या घरावरचे कर्ज कमी करता येते, भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घरावरचेही येते. ज्या घरात माणूस राहतो त्या घरावरच्या कर्जाला मात्र त्याला हात लावता येत नाही. हा नियम १९७८ च्या कायद्यातला आहे आणि ओबामांनी निवडणूक प्रचारात तो बदलण्याचे आश्वासन दिले होते. प्रतिनिधिगृहाने मार्चमध्ये त्याला मान्यताही दिली होती. सिनेटमध्ये तो आला तेव्हा नव्या प्रशासनाने आपले वजन त्याच्या पाठीशी उभे केले नाही. मतदानाच्या काही दिवस आधी डर्बिन यांनी एका मुलाखतीत उघडपणे म्हटले होते की ज्या बँकांनी हे संकट ओढवले त्याच अजून या संसदेवर सर्वात प्रबळ आहेत, किंबहुना ही जागा त्यांच्याच मालकीची आहे.

मी तेव्हा डेट्रॉइटच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहत होतो आणि गाड्यांच्या आसनांचे भाग पुरवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत अभियंता होतो. कर भरत होतो, पण मत देण्याचा हक्क मला नव्हता. त्या परिसरात पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आलेली शेकडो मराठी कुटुंबे होती आणि त्यांतील बहुतेकांचा पगार थेट किंवा आडवळणाने तीन मोठ्या मोटार कंपन्यांवर अवलंबून होता. त्यामुळे त्या वर्षातले सरकारी निर्णय आम्ही वाचत होतो ते वर्तमानपत्रातले राजकारण म्हणून नव्हे. पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही, हे त्यांवर ठरणार होते. आज इतक्या वर्षांनी त्या काळाकडे पाहताना मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. संकटात सरकारने खासगी कंपन्यांना सावरावे की नाही, हा वाद तेव्हाही पुष्कळ झाला आणि आजही होतो. परंतु सावरण्याचे ठरल्यावर कुणाचे करार मोडायचे आणि कुणाचे पवित्र मानायचे, हा निर्णय जवळजवळ वादाविना घेतला गेला, आणि नव्या सरकारकडून खरी अपेक्षा होती ती तिथेच.

क्रम नीट आठवला पाहिजे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली. दुसऱ्याच दिवशी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज दिले आणि तिची जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारकडे घेतली. त्यानंतर अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी संसदेकडे ७०० अब्ज डॉलर मागितले. त्यांचा पहिला मसुदा जेमतेम तीन पानांचा होता आणि त्यात असे एक कलम होते की अर्थमंत्र्यांच्या या निर्णयांचा फेरविचार कोणतेही न्यायालय किंवा प्रशासकीय संस्था करू शकणार नाही. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने हे विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले, शेअर बाजार त्या दिवशी ७७७ अंकांनी कोसळला, आणि काही दुरुस्त्यांसह ३ ऑक्टोबरला तेच विधेयक मंजूर झाले. सिनेटर म्हणून ओबामांनी त्याच्या बाजूने मत दिले होते, हे विसरता कामा नये. बाजूने मत देणे तेव्हा चूक होते असे मी म्हणणार नाही. बँकांमधले आपसांतले व्यवहार गोठले होते, आणि ते गोठले की आमच्यासारख्या कारखान्यांचा शुक्रवारचा पगारही अडकतो, हे आम्ही जवळून पाहत होतो.

खटकण्यासारखी गोष्ट पुढे घडली. १३ ऑक्टोबरला पॉलसन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना अर्थखात्यात बोलावले आणि त्या एका दुपारी १२५ अब्ज डॉलरचे भांडवल त्यांना देण्याचे ठरले. त्या बदल्यात सरकारला अग्रहक्काचे भाग (प्रिफर्ड शेअर) मिळाले आणि वरिष्ठांच्या वेतनावर काही सौम्य बंधने आली. पण हा पैसा कर्जवाटपासाठी वापरलाच पाहिजे, घरांच्या कर्जाची फेररचना केलीच पाहिजे, वरिष्ठ अधिकारी बदलले पाहिजेत, अशी एकही अट त्यात नव्हती. बँकांचे कुणी प्रमुख त्या दिवशी नोकरीवरून गेले नाहीत.

याच्या शेजारी नोव्हेंबरमधली संसदेतली सुनावणी ठेवून पाहावी. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांचे प्रमुख संसदेपुढे २५ अब्ज डॉलरचे कर्ज मागायला आले. ते खासगी विमानांनी आले, यावरून देशभर त्यांची जी निर्भर्त्सना झाली ती योग्यच होती, आणि डिसेंबरमध्ये ते आपापल्या गाड्यांतून आले. परंतु त्या सुनावण्यांत विमानांपेक्षा जास्त वेळ ज्यावर खर्च झाला तो विषय कामगारांच्या पगाराचा होता. तासाला किती डॉलर मिळतात, निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा बोजा किती, दक्षिणेकडील जपानी कंपन्यांच्या कारखान्यांत किती कमी खर्च येतो, असे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले. ऑक्टोबरमध्ये बँकांच्या लिपिकाचा पगार कुणी विचारला नव्हता. प्रतिनिधिगृहाने १४ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले, पण ११ डिसेंबरला ते सिनेटमध्ये अडले. युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या संघटनेने पगार कधीपर्यंत परदेशी कंपन्यांच्या पातळीवर आणायचे, याच मुद्द्यावर अखेरच्या रात्रीची बोलणी फिसकटली होती.

त्या दिवसांत एक विलक्षण पोकळी होती. ४ नोव्हेंबरला ओबामा निवडून आले होते, मिशिगनने त्यांना १६ टक्क्यांहून अधिक आघाडी दिली होती, पण २० जानेवारीपर्यंत त्यांच्या हाती काही नव्हते. ज्यांच्या हाती होते त्या जॉर्ज बुश यांच्यामागे जनमत उरले नव्हते. एका वेळी एकच राष्ट्राध्यक्ष असतो, असे ओबामा म्हणत. त्यावर त्यांच्याच पक्षाचे बार्नी फ्रँक यांनी हा आकडाही सध्या जास्तच आहे असे सुनावले होते. बुश यांनी मात्र १९ डिसेंबरला जो निर्णय घेतला त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. बँकांसाठी मंजूर झालेल्या निधीतूनच त्यांनी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज दिले, आणि ३१ मार्चपर्यंत आपण तगू शकतो हे सिद्ध करा, अन्यथा कर्ज परत करा, अशी मुदत घातली. त्यांच्या पक्षाला हे मान्य नव्हते. ही मुदत पुढे फार मोलाची ठरली, कारण तिच्यामुळे नव्या प्रशासनाच्या हाती पैसे देण्याआधीचा क्षण शिल्लक राहिला.

पैसे मागणारा दारात उभा असतो आणि पैसे अजून आपल्या खिशात असतात, तेवढाच काळ सरकारच्या शब्दाला वजन असते. एकदा रक्कम हस्तांतरित झाली की पुढे आर्जवे उरतात. बँकांच्या बाबतीत हा क्षण ऑक्टोबरमध्ये खर्च झाला होता. मोटार कंपन्यांच्या बाबतीत तो ३१ मार्चपर्यंत लांबवलेला होता. नव्या प्रशासनाने या दोन ठिकाणी जे वेगळे वर्तन केले, त्यामागचे एक कारण मला यात दिसते. दुसरे कारण माणसांचे होते. नवे अर्थमंत्री टिमथी गाइटनर हे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष होते आणि सप्टेंबरच्या सर्व मोठ्या निर्णयांत सामील होते. ज्यांनी ते निर्णय घेतले त्यांच्यापैकीच एकाकडे त्यांचा फेरविचार सोपवला गेला, तर फेरविचार किती होणार?

मोटार कंपन्यांच्या बाबतीत प्रशासनाने जे केले ते मात्र मी आजही आदराने आठवतो. फेब्रुवारीत दोन्ही कंपन्यांनी आपापले आराखडे दिले. प्रशासनाने नेमलेल्या स्टीव्हन रॅटनर आणि रॉन ब्लूम यांच्या गटाने ते तपासले आणि अपुरे ठरवले. जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार होण्यास सांगितले गेले. ३० मार्चला ओबामांनी क्रायस्लरला ३० दिवस आणि जनरल मोटर्सला ६० दिवस दिले आणि त्याच भाषणात सांगितले की तुम्ही या कंपन्यांची गाडी घेतली तर तिच्या वॉरंटीची हमी सरकार घेईल. वॉरंटीचे हे वाक्य बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण दिवाळे निघालेल्या कंपनीची गाडी कुणी घेत नाही, म्हणून मोटार कंपनी दिवाळखोरीत जाऊच शकत नाही, हा व्यवस्थापनांचा सर्वात मोठा युक्तिवाद होता, आणि त्या एका वाक्याने तो निकामी झाला.

त्याच मार्चमध्ये पुरवठादारांसाठी ५ अब्ज डॉलरची योजना आली, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण बेलआउटची, म्हणजे सरकारी पैशाने कंपन्या सावरण्याची, चर्चा करताना हा भाग बहुधा सुटतो. मोटार कंपनीला आपण माल पाठवतो तेव्हा पैसे हातात पडायला दीड-दोन महिने लागतात. मधल्या काळात त्या येणे रकमेवर बँक आपल्याला खेळते भांडवल देते. २००९ च्या सुरुवातीला बँकांनी ही येणी तारण म्हणून घेणे थांबवले, कारण जनरल मोटर्स बुडाली तर ती कागदाच्या किमतीची होणार होती. आमच्या कंपनीत त्या काळात माल होता, मागणी होती, यंत्रे चालू होती, आणि तरीही पोलाद खरेदीसाठी रोख नव्हती. सरकारी योजनेने या येण्यांना हमी दिली. आसनाची चौकट करणारा कारखाना फोर्डलाही माल देतो आणि जनरल मोटर्सलाही देतो. तो बंद पडला तर दोघांच्याही जुळणीच्या रांगा थांबतात. स्वतः मदत न घेणाऱ्या फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली संसदेत जाऊन आपल्या स्पर्धकांना वाचवा असे का सांगत होते, ते यावरून कळते. या योजनेचा गाजावाजा कधीच झाला नाही, पण मिशिगन आणि ओहायोतले किती छोटे कारखाने तिच्यामुळे त्या उन्हाळ्यात तगले, हे तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

क्रायस्लर ३० एप्रिलला आणि जनरल मोटर्स १ जूनला न्यायालयात गेली. क्रायस्लरला तारणावर ६.९ अब्ज डॉलर कर्ज देणाऱ्यांच्या हाती २ अब्ज, म्हणजे डॉलरमागे २९ सेंट पडले. काही हेज फंडांनी, म्हणजे श्रीमंतांचा व संस्थांचा पैसा जोखमीने गुंतवणाऱ्या कंपन्यांनी, याला विरोध केला तेव्हा ओबामांनी, मी त्यांच्या बाजूला उभा नाही, असे जाहीरपणे सांगितले. त्यांच्या विरोधात एक गंभीर मुद्दा होता हे मान्य केले पाहिजे. इंडियाना राज्यातील शिक्षक आणि पोलिसांच्या निवृत्तिवेतन निधींचाही पैसा या कर्जात होता, आणि तारण असलेल्या धनकोला कमी व संघटनेच्या निवृत्तांच्या आरोग्य निधीला कंपनीत ५५ टक्के वाटा, ही विभागणी त्यांना अन्यायाची वाटत होती. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. मला ती विभागणी अन्यायाची वाटली नाही, कारण सरकारी पैसा नसता तर कारखान्यांचे भंगार विकून त्यांच्या हाती याहूनही कमी आले असते, आणि कामगारांविना क्रायस्लर म्हणजे रिकाम्या इमारती होत्या. जनरल मोटर्स जुलैच्या १० तारखेला न्यायालयातून बाहेर आली. तिच्यात अमेरिकी सरकारचा वाटा ६०.८ टक्के होता, निवृत्तांच्या निधीचा १७.५ टक्के, जुन्या रोखेधारकांचा १० टक्के, आणि उरलेला कॅनडाचा. जुन्या भागधारकांना काहीही मिळाले नाही. खासगी कंपनी सावरायची असेल तर ती अशीच सावरली पाहिजे. मालकांचे भांडवल आधी जावे, व्यवस्थापन बदलावे, धनकोंनी सूट द्यावी, कामगारांनीही वाटा उचलावा, आणि मग जनतेचा पैसा यावा.

कामगारांनी तो उचलला. सहा वर्षे संप न करण्याचे त्यांनी मान्य केले, काम नसतानाही पगार देणारी जुनी तरतूद गेली, निवृत्तांच्या आरोग्य निधीत रोखीऐवजी कंपनीचे भाग घेतले गेले. २००७ च्या करारात सुरू झालेली दुहेरी वेतनपद्धती या काळात पक्की झाली. एकाच रांगेत, एकच बोल्ट आवळणाऱ्या दोन माणसांपैकी जुन्याला तासाला २८ डॉलरच्या आसपास आणि नव्याला १४ च्या आसपास मिळत होते. डेल्फाय या सुट्या भागांच्या कंपनीच्या निवृत्तांचे तर दोन भाग पडले. संघटनेच्या सदस्यांच्या पेन्शनमधली तूट जनरल मोटर्सने भरून दिली. पगारी कर्मचाऱ्यांची, म्हणजे अभियंते आणि लेखापालांची, तूट कुणीच भरली नाही. पुढे वर्षानुवर्षे ते न्यायालयांत लढले. नव्या प्रशासनाच्या ज्या कामाची मी वर स्तुती केली, त्यातच हा अन्यायही झालेला आहे, आणि दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

आता एआयजीकडे परत जाऊ. तिच्या ज्या विभागाने जोखमीचे विमे विकून ती बुडवली, त्याच विभागातल्या लोकांना मार्च २००९ मध्ये १६५ दशलक्ष डॉलर बोनस दिला गेला. देश संतापला, प्रतिनिधिगृहाने त्यावर ९० टक्के कर लावणारे विधेयक ३२८ मतांनी मंजूर केले, सिनेटने ते पुढे नेले नाही. राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॅरी समर्स यांनी त्या वेळी दूरचित्रवाणीवर जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता की आपला देश कायद्याचा आहे, करार झालेले आहेत, आणि सरकार ते असेच रद्द करू शकत नाही. हे बोलले गेले त्याच आठवड्यांत मिशिगनमध्ये कामगारांचे सामूहिक करार फिरून लिहिले जात होते आणि त्याला व्यवहार्यता म्हणत होते. बोनसची रक्कम त्या मानाने लहान होती. त्याहून मोठी गोष्ट अशी की एआयजीकडून विमे घेतलेल्या बँकांना, गोल्डमन सॅक्ससह, सरकारी पैशातून डॉलरमागे पुरता डॉलर दिला गेला. क्रायस्लरच्या धनकोंना २९ सेंट आणि यांना १००. दोन्ही ठिकाणी कंपनी बुडालेली होती, दोन्ही ठिकाणी सरकारने आधार दिला होता. फरक इतकाच होता की एका ठिकाणी सूट मागितली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी ती मागायचीच नाही असे ठरले.

माझ्या मनात त्या काळाचे सर्वात मोठे दुःख आहे ते घरांचे. जानेवारी २००९ मध्ये ७०० अब्जांच्या त्या निधीचा उरलेला अर्धा भाग, ३५० अब्ज डॉलर, मोकळा करून घेताना समर्स यांनी संसदेला लेखी कळवले होते की त्यातले ५० ते १०० अब्ज डॉलर जप्त्या रोखण्यासाठी वापरले जातील. फेब्रुवारीत योजना जाहीर झाली आणि ३० ते ४० लाख कुटुंबांना तिचा लाभ मिळेल असे सांगितले गेले. मासिक हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा, तीन महिने तो नव्या दराने भरून दाखवायचा, मग बदल कायम करायचा, अशी तिची रचना होती. कागदावर ती चांगली होती. परंतु तिची अंमलबजावणी कर्जवसुली करणाऱ्या बँकांच्या इच्छेवर सोडली होती, आणि हप्ते थकले, दंड लागले, जप्ती झाली तरी या वसुली करणाऱ्यांचे उत्पन्न चालूच राहत होते. त्यांना प्रत्येक बदलामागे थोडे प्रोत्साहनपर पैसे मिळत. न केल्याबद्दल शिक्षा जवळजवळ नव्हती.

आमच्या गल्लीत एक कुटुंब होते. नवरा पत्रे ठोकून गाडीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, बायको शाळेच्या उपाहारगृहात. त्याचे काम निम्म्यावर आले तेव्हा त्यांनी या योजनेत अर्ज केला. नव्या दराचे तिन्ही हप्ते भरले. त्यानंतर पगारपत्रके जुनी झाली म्हणून पुन्हा मागवली गेली, पाठवलेली मिळाली नाहीत असे कळवले गेले, दर वेळी फोनवर वेगळा माणूस आणि वेगळे उत्तर. एका विभागाकडे त्यांचा अर्ज विचाराधीन असताना दुसरा विभाग लिलावाची तारीख ठरवत होता. ही एकट्या त्यांची कहाणी नव्हती. देशभरातून हेच सांगितले जात होते, आणि निधीवर देखरेख करणारे महानिरीक्षक नील बारोफ्स्की आणि संसदीय देखरेख समितीच्या अध्यक्ष एलिझाबेथ वॉरन हे दोघेही आपल्या अहवालांतून ते वारंवार मांडत होते. २००९ मध्ये २८ लाखांहून अधिक घरांवर जप्तीच्या कारवाईची नोटीस लागली. तीन वर्षांनंतरही या योजनेतून कायम झालेले बदल दहा लाखांपर्यंत पोहोचले नव्हते. आमच्या शेजाऱ्यांचे घर गेले. त्यांच्यापुढे न्यायाधीश असता, तर बँकेला एका ठरावीक तारखेला, त्याच्यासमोर, कागद घेऊन हजर राहावे लागले असते. डर्बिन यांच्या दुरुस्तीने एवढेच मागितले होते.

तिच्या विरोधात सांगितले गेले की यामुळे कर्जे महाग होतील आणि बेजबाबदार कर्जदारांना बक्षीस मिळेल. पहिल्या आक्षेपात काही तथ्य असेलही. दुसरा आक्षेप मात्र ज्या सभागृहाने ऑक्टोबरमध्ये बँकांना ७०० अब्ज डॉलर मंजूर केले त्याच सभागृहाने घेतला, हे मला तेव्हाही पटले नाही. दिवाळखोरीत जाणे कुणालाही सोपे नसते. वर्षानुवर्षे पत जाते, खर्चाच्या प्रत्येक रकमेचा हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो. क्रायस्लरने तो मार्ग घेतला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला नवी सुरुवात म्हटले.

एका अटीवर मात्र फार लवकर एकमत झाले होते, आणि ती आम्हा परदेशी नोकरदारांबद्दल होती. फेब्रुवारी २००९ च्या अर्थप्रोत्साहन कायद्यात अशी तरतूद आली की सरकारी निधी घेतलेल्या कंपन्यांनी दोन वर्षे एच-१बी व्हिसावर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, नव्याने माणसे घेताना अधिक कडक नियम पाळावेत. स्थानिक माणसाची नोकरी जाऊन तिथे परका येऊ नये, ही भावना मी समजू शकतो आणि त्या काळातल्या मिशिगनमध्ये ती चुकीची म्हणवत नाही. पण बँकांच्या प्रमुखांना लावता न आलेल्या अटी नुकतीच पदवी घेतलेल्या, हातात नोकरीचे पत्र असलेल्या मुलांना किती सहज लावता आल्या, हे त्या वसंत ऋतूत आमच्या ओळखीच्या अनेक घरांनी पाहिले.

हिशेब पुढे असा लागला. बँकांना दिलेले सुमारे २४५ अब्ज डॉलर व्याजासह, नफ्यासह परत आले. जनरल मोटर्समधले शेवटचे भाग सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये विकले आणि तिथे १० अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. यावरून बँकांचा बेलआउट यशस्वी आणि मोटारींचा तोट्याचा, असे सांगणारे लोक मला आजही भेटतात. मला हा हिशेब अपुरा वाटतो. ज्या राज्यात बेकारी १४ टक्क्यांवर गेली होती तिथे वाचलेले कारखाने, त्यांचे पुरवठादार, त्या गावांच्या शाळांना मिळणारा कर, हे सरकारच्या भागविक्रीत कुठेच दिसत नाही. आणि बँकांकडून जो नफा आला त्यात, जी घरे वाचवता आली असती ती न वाचवल्याची किंमत धरलेली नाही.

सावरलेली कंपनी पुढे कुणाला बांधील असते, हा प्रश्न मला पुण्याजवळच्या तळेगावमुळे अधिक टोचतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे लेहमन बुडण्याच्या थोडेच आधी सुरू झाला. अमेरिकेत कंपनी न्यायालयात असताना तो चालू राहिला, कारण परदेशी उपकंपन्या दिवाळखोरीच्या बाहेर ठेवल्या होत्या. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस तळेगावचे उत्पादन बंद झाले, आणि तिथल्या हजाराहून अधिक कामगारांना आपल्या हक्कांसाठी लांबलचक लढा द्यावा लागला. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. याच्या आधी, २०१९ मध्ये, ओहायोतला लॉर्ड्सटाउनचा जुना कारखानाही कंपनीने बंद केला होता. सरकारचा वाटा २०१३ मध्येच संपल्यामुळे या निर्णयांत त्याला विचारण्याचे कारण नव्हते. वाटा विकताना एखादी दीर्घकालीन अट मागे ठेवता आली असती का, याचा विचार त्या प्रशासनाने केला असता तर बरे झाले असते. लवकरात लवकर बाहेर पडणे हेच तेव्हा यश मानले गेले.

काही गोष्टी नंतरच्या सरकारांनी शिकल्या. २०२० च्या साथीत विमान कंपन्यांना पगारांसाठी २५ अब्ज डॉलर देताना ३० सप्टेंबरपर्यंत कुणालाही कामावरून काढायचे नाही, स्वतःचे भाग परत विकत घ्यायचे नाहीत, अशा अटी कायद्यातच लिहिल्या गेल्या. मुदत संपताच कपात सुरू झाली, हेही खरे आहे. मोटार कामगारांनी मात्र दुहेरी वेतनपद्धती उलटवण्यासाठी कुठल्याही नव्या प्रशासनाची वाट पाहिली नाही. २०२३ मध्ये त्यांनी तिन्ही कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप केला आणि नव्या करारात बहुतेक ठिकाणी ती मोडून काढली. २००९ मध्ये जे करार व्यवहार्यतेच्या नावाने फिरून लिहिले गेले होते, ते फिरवून घ्यायला त्यांना चौदा वर्षे लागली. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी मात्र अशी कुठलीही संघटना नव्हती आणि राहत्या घराबद्दलचा १९७८ चा नियम आजही तसाच आहे.